मागून धरलेलं ध्रुपद

आमच्या मामंजींचा, आबाराव बुवांचा, कीर्तनात एक नियम होता. बुवाचा श्वास संपायच्या आत मागच्या टाळकऱ्यांनी ध्रुपद उचललं पाहिजे. मधी फट राहता कामा नये. "फट राहिली की तिच्यातनं देव निसटतो," म्हणायचे, आणि हे सांगताना कधी हसायचे नाहीत. माझे मालक ज्ञानोबा आणि माझे धाकटे दीर गोरोबा, दोघं भाऊ त्यांना अण्णा म्हणायचे; मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यांच्या मागं टाळ घेऊन उभे राहिलेले. मामंजींनी मान जराशी डावीकडं कलती केली की मागं दोघांच्या छातीत वारं भरलंच. मी लग्न होऊन या घरात आले आणि बायकांच्या घोळक्यात समोर बसून ऐकायला लागले. मला मामंजींचं तोंड दिसायचं. ह्या दोघांना दिसायची पाठ.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात भूमजवळच्या एका गावात सप्ताह होता. गोरोबा भावजी आरमारातनं सुट्टीवर आलेले, म्हणून दोन्ही लेक टाळाला. मामंजींनी त्यांचा स्वतःचा अभंग लावला होता. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर असताना त्यांना तो सुचलेला.

देवा तुझ्या दारी । उभा मी पाणक्या ।
घागरी ह्या रित्या । खांद्यावरी ॥

'देवा' म्हणाले आणि थांबले. मान डावीकडं गेली. मागून दोघांनी 'तुझ्या दारी' असं उचललं की मांडव डुलायला लागला. मीच तेवढी बघत होते की मामंजींचा ओठ एका बाजूला ओघळतोय, हातातली वीणा खाली सरकतीय. मी उठून ओरडले, पण टाळांच्या गजरात कुणाला ऐकू येणार? ध्रुपदाची दोन आवर्तनं झाली, तेव्हा कुठं ते खाली बसले आणि लोकांना कळलं की ही मान ध्रुपदासाठी कलली नव्हती.

सोलापूरच्या दवाखान्यातनं घरी आणलं तेव्हा उजवा हात गेला होता आणि बोलणं गेलं होतं. समजत सगळं होतं. भाकरी करपली की नाक मुरडायचे, सासूबाईंनी लुगडं उलटं नेसलं की डोळ्यांनी हसायचे. पण तोंडातनं 'दे' एवढंच यायचं. पाणी पाहिजे तरी 'दे', नको तरी 'दे'. डॉक्टर म्हातारे होते, सावकाश बोलणारे. म्हणाले, "ज्यांना गाण्याची सवय असते त्यांचं गाणं कधी कधी बोलण्याच्या आधी परत येतं. जोर करू नका. जिथं मन रमेल तिथं न्या. एक ओळ जरी स्वतःहून पुरी म्हणाले ना, तर पुढची वाट सापडेल."

एक ओळ. त्या एका ओळीवर आमचं घर बसून राहिलं.

मामंजींचं मन रमणार कुठं? देवळात नेलं तर लोक पाया पडायचे आणि रडायचे, आणि ते मान खाली घालायचे. दुसऱ्याच्या कीर्तनाला नेलं तर अर्ध्यात उठायची खूण करायचे. हे म्हणजे पंगतीत बसवून पत्रावळ न वाढण्यासारखं झालं होतं.

दसऱ्याच्या सुमाराला गोरोबा भावजी आरमारातनं कायमचे सुटून आले ते होडी घेऊनच. शिडाची लहान होडी, पाच-सहा माणसांची. त्यांच्या तिथं नव्या पोरांना शीड शिकवायला वापरायची. जुनी झाली म्हणून मोडीत निघालेली. खाली दोन चाकांचा गाडा. मालट्रकच्या मागं बांधून ती परंड्यापर्यंत आली आणि तिथनं आमच्या पाण्याच्या सोसायटीचा ट्रॅक्टर तिला गावात घेऊन आला. ट्रॅक्टरवर सोसायटीचे ड्रायव्हर फकीरभाई. त्यांनी चावडीपुढं इंजिन बंद केलं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं विचारलं, "कप्तान, हितं लोकांला बुडायला पाणी मिळंना, अन् तुमी जहाज आणलं व्हय?"

"पाणी लई असतंय तिथं होडीचं कवतिक कोण करतंय, फकीरभाई?" भावजी म्हणाले. "अण्णांसाठी आणलीय. मोकळ्या पाण्यावर वारं लागलं की मुकं माणूस बी गुणगुणतंय. म्या बघितलंय."

आमच्या सासूबाई, पुतळाबाई आत्या, होडीभोवती फिरल्या. बाजारात मडकं बघतात तशा बोटाच्या पेरानं ठिकठिकाणी वाजवून बघितलं. "आवाज तर पक्का हाय," म्हणाल्या. "पर म्या न्हाय बसायची. मला पोहता येत न्हाय."

"माय, मला सोडून गावात कुणालाच येत न्हाय."

"मग सगळ्या गावानं मिळून मूर्खपणा करायचा व्हय रे?"

पहिल्या दिवशी त्याच सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या.

तळं गावाच्या खालच्या अंगाला. ते बांधलं तेव्हा आमची खालची पट्टी, विहिरीसकट, पाण्यात गेलेली. मामंजींनी त्याचं दुःख कधी केलं नाही. उलट तळ्याचं पाणी मोटारींनी उचलून वरच्या कोरड्या रानांत न्यायची सहकारी सोसायटी त्यांनीच उभी केली, तीही कीर्तनातनं. निरूपण करता करता म्हणायचे, "देवाच्या दारी एकेकट्यानं घागर नेली तर एकेक घागर मिळंल. सगळ्यांनी मिळून पाट नेला तर देव काय पाट बुजवणार हाय?" लोक हसायचे आणि दुसऱ्या दिवशी सभासद व्हायचे. आमचे मालक त्या सोसायटीचे सेक्रेटरी. मोटार कधी चालू, कधी बंद, कुणाच्या रानाला पाळी, ते सगळं ह्यांच्याकडं. त्या वर्षी पाऊस नुसता तोंड दाखवून गेला होता. तळ्यात होतं ते आदल्या वर्षाचं उरलेलं, निम्म्याला टेकलेलं पाणी.

फकीरभाईंनी ट्रॅक्टर उलटा घेत गाडा पाण्यात नेला आणि होडी गाड्यावरून अलगद सुटून तरंगली. बांधावर गाव जमलेलं. आत्यांनी होडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, एक खोबऱ्याचा तुकडा तळ्याला दिला. भावजींनी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबा हवा भरून सगळ्यांच्या कमरेला बांधल्या, तर आत्या म्हणाल्या, "नागपंचमीला पुजतेत त्या वारुळावाणी दिसायलीय मी." मामंजींना डोलकाठीला टेकवून पुढं तोंड करून बसवलं. त्यांच्याही पुढं, होडीच्या टोकाला, मी त्यांच्याकडं तोंड करून, गुडघे धरून ठेवायला. आत्या त्यांचा निर्जीव हात मांडीवर घेऊन शेजारी. मागं सुकाणूवर भावजी आणि शिडाची दोरी धरून आमचे हे. म्हणजे कीर्तनातलीच मांडणी झाली बघा. बुवा पुढं, टाळकरी मागं आणि मी समोर. तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

होडीत बसणं मला आवडेल असं वाटलं नव्हतं. पण दुपार कलली की वारा सुटायचा, शीड फुगायचं आणि होडी एका अंगाला कलून अशी निघायची की पोटात लहानपणीच्या झोक्यासारखा खड्डा पडायचा. वळताना शिडाखालचा आडवा दांडा या बाजूनं त्या बाजूला यायचा. भावजी ओरडायचे, "डोकं!" पुढं पुढं त्यांच्या आधी आत्याच ओरडायला लागल्या, "डोसकं सांभाळा गं!" आणि स्वतःचं डोकं सोडून सगळ्यांची डोकी खाली दाबायच्या. फडक्यात भाजलेल्या शेंगा असायच्या, टरफलं पाण्यावर मागं राहायची. बाजाराचा दिवस सोडला तर वारं असेल त्या दिवशी आम्ही जायचो. माझ्या उभ्या संसारात घरातली सगळी माणसं एका जागी, कामाशिवाय, एकमेकांसमोर इतका वेळ बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

तिसऱ्या का चौथ्या खेपेला ते झालं. होडी वळली, वारा एकदम शिडात भरला, पाण्याचा फवारा मामंजींच्या तोंडावर आला. त्यांनी डोळे मिटले. त्यांची मान डावीकडं कलली आणि आवाज आला. 'दे' नाही. "देऽवा." पूर्ण शब्द, आणि सुरात. तोच तो जुना सूर, जरा ओला, जरा थरथरता.

आणि मागून दोघं भाऊ, श्वास घ्यायचीही उसंत न देता, खड्या आवाजात, "तुझ्या दारी, उभा मी पाणक्या!"

आत्या रडायला लागल्या. भावजींनी सुकाणू सोडलं, होडी गरगर फिरली, ह्यांच्या हातातली दोरी सुटली, कुणाला भान नव्हतं. बांधावरच्या लोकांनी गाणं ऐकलं आणि टोप्या उडवल्या. फकीरभाई ट्रॅक्टरवर उभे राहून ओरडले, "बुवा बोलले! या अल्ला, बुवा बोलले!" त्या दिवशी घरोघर गूळ वाटला. मी देवापुढं दिवा लावला. पांडुरंगा, म्हटलं, तू एवढं दिलंस, आता ओळ दे.

त्यानंतर प्रत्येक खेपेला तेच. होडी कलली, वारा भरला, 'देवा' आलं. आणि लगेच मागून 'तुझ्या दारी'. दिवाळी गेली, मार्गशीर्ष गेला. 'देवा' च्या पुढं मामंजी काही जाईनात.

मी समोर बसलेली. मला जे दिसायचं ते दुसऱ्या कुणाला दिसायचं नाही. 'देवा' म्हटल्यावर त्यांची जीभ दातांना लागायची. 'तु' साठी लागते तशी. गळ्याची शीर वर यायची, डोळे कुठंतरी लांब काहीतरी शोधायला जायचे. आणि तेवढ्यात मागून लेकांचा लोंढा यायचा, भरल्या गळ्याचा, अगदी वेळेवर, त्यांनीच शिकवलेला. जीभ मागं जायची. डोळे परत यायचे. ते ओठ मिटून हसायचे आणि डाव्या हातानं मांडीवर ताल धरायचे. बुवाचं काम झालं, टाळकऱ्यांनी धरलं.

त्यांना पुढचा शब्द म्हणायची गरजच पडत नव्हती.

मी आधी आत्यांना सांगितलं, भाकरी थापता थापता. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "गुलाब, एवढ्या महिन्यांनी पोरं गायली. बापाबरूबर. ते बी बंद करू म्हणतीस?" मग दुसरा गोळा मळायला घेत, "तुला नक्की दिसलं?"

"नक्की."

"मग त्याला सांग. माझ्याच्यानं न्हाय सांगवायचं."

ह्यांना सांगितलं तर हे मोटारींच्या पाळ्यांची वही उघडून बसले. मग म्हणाले, "अगं, अण्णांचा शब्द अर्ध्यात लोंबकळत ठेवायचा? आमच्या समोर?"

"थोडा वेळ. ते शोधतात, मी बघते ना."

"तू बघतीस. आमी ऐकतो. गप बसायचं ठरवलं तरी ते छातीतनं येतंय. तू शिंक धरून दाखीव."

त्यांनी खरंच प्रयत्न केला. पुढच्या खेपेला ओठ दातांत धरून बसले. तर भावजी एकटेच गायले. त्याच्या पुढच्या खेपेला भावजींनी तोंडात टॉवेलाचा बोळा कोंबला, तर ह्यांच्या तोंडून निघून गेलं आणि मग हे दोरी सोडून स्वतःच्या तोंडावर मारून घ्यायला लागले. हसावं का रडावं ते कळेना. तीस वर्षांची सवय. बापाच्या शब्दाखाली हात धरायचा, तो खाली पडू द्यायचा नाही.

आणि इकडं पाणी उतरत होतं.

पौषात गाडा पाण्यापर्यंत न्यायला ट्रॅक्टर लांबवर चिखलात घालावा लागायचा. माघात एक दिवस होडी मधेच कशाला तरी घासून थांबली. भावजींनी होडीच्या पोटातनं पाण्यात सोडलेली फळी वर ओढली, वाकून बघितलं. आत्यांनीही बघितलं आणि म्हणाल्या, "हा आपला बांध. खालच्या पट्टीचा. ती बघा, तिकडं आपली विहीर असंल." स्वतःच्याच बांधाला आमची होडी अडली होती. मामंजींनी पाण्यात हात घालून तो बांध चाचपला आणि खूण ओळखल्यासारखी मान हलवली.

सोसायटीची बैठक आमच्याच ओसरीवर भरली. मोटारी चालू ठेवल्या तर उसाला दोन पाळ्या मिळतील आणि पाणी मोटारीच्या तोंडाखाली जाईल. ऊस वाळला तर सगळ्यांचंच वर्ष गेलं. पण पाणी गेलं की होडी तरंगायची नाही. मग पलीकडच्या आळीतले ईरण्णा, तोंडाचे फटकळ पण मनानं सरळ, म्हणाले, "माझी पाळी मी सोडतो. बुवांला 'देवा' आलंय, पुढचं बी ईल. पाणी राहू दे तळ्यात." त्यांच्या मागून आणखी दोघं-तिघं म्हणाले, आमचीही सोडतो.

हे बापाकडं बघायला लागले. मामंजी खांबाला टेकून बसलेले. त्यांनी डावा हात उचलला आणि रानाच्या बाजूला दाखवला. मग बोट गोल फिरवलं, मोटार फिरते तसं. कुणाला समजलं नाही असं नव्हतं, पण कुणाला समजून घ्यायचं नव्हतं. तेव्हा त्यांनी पुन्हा फिरवलं, जोरानं, आणि "दे, दे, दे," म्हणाले, चिडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ह्यांनीच जाऊन मोटारी चालू केल्या. त्यांचा आवाज घरापर्यंत यायचा. हे जेवायला बसले तरी ताटावरून नजर उचलायचे नाहीत.

उसाची पहिली पाळी होते न होते तोच वरून हुकूम आला. गावांना प्यायला पाणी नाही, मोटारींना सील. उरलंसुरलं पाणी खालच्या गावांसाठी आणि शहरासाठी सोडायचं. आता कुणावर रागवायचं? तहानलेल्या माणसाला पाणी मिळू नये असं म्हणणारी जीभ आमच्या घरात कुणाला दिलेली नव्हती. बहात्तरला आम्हीही दुसऱ्याच्याच पाण्यावर जगलो होतो.

पाणी सोडायच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटचे गेलो. फाल्गुन होता. तळं म्हणजे खालच्या पट्टीवर साचलेलं एक लांबट डबकं राहिलेलं. मी ह्या दोघांना होडीत बसायच्या आधी बाजूला घेतलं. मी धाकट्या मानाची, सून माणूस, पण त्या दिवशी बोलले. "आजची एकच खेप. तुम्हाला विठोबाची आण आहे. काही झालं तरी मागून उचलायचं नाही. मी मान हलवून हो म्हणेपर्यंत नाही."

"वहिनी, अण्णांना काय वाटंल?" भावजी म्हणाले.

"ते मला दिसेल."

वारा कमीच होता. होडी कशीबशी सरकली. आत्यांनी त्यांचा हात नेहमीपेक्षा घट्ट धरला होता. एकदा वळलो, काही नाही. दुसऱ्यांदा वळताना कुठूनतरी झुळूक आली, शीड भरलं, होडी थोडीशी कलली.

"देऽवा."

मागं कुणी गायलं नाही.

पाण्याची चुळबुळ ऐकू येत होती, शिडाच्या दोरीची कुरकुर ऐकू येत होती. मामंजींची मान तशीच डावीकडं कललेली. ते वाट बघत होते. मग मान सरळ झाली. पुन्हा डावीकडं कलली. आणि मग ह्या माणसानं उभ्या आयुष्यात कीर्तनाला उभं राहिल्यावर जे कधी केलं नाही ते केलं. मागं वळून बघितलं. बुवा मागं बघत नाही. मागं आहेतच हे त्याला ठाऊक असतं. त्यांनी वळून दोन्ही लेकांकडं बघितलं. दोघं जागेवर होते, तोंडं मिटलेली, डोळ्यांतनं धारा लागलेल्या. मामंजी परत पुढं वळले तेव्हा त्यांचा चेहरा जत्रेत हरवलेल्या लेकरासारखा झाला होता. तो चेहरा माझ्याकडं होता. मी मान हलवायला पाहिजे होती. मी हलवली नाही.

जीभ दातांना लागली. शीर वर आली. "तु," ते म्हणाले. "तु... तु..." घाम फुटला. आत्यांनी त्यांचा हात छातीशी धरला. "देवा... तु... झ्या."

तुझ्या.

त्यांनाच नवल वाटलं. डोळे मोठे झाले. "देवा तुझ्या," पुन्हा म्हणाले, आता सुरात. मग "दा..." आणि तेवढ्यात खालनं खर्रकन आवाज झाला, होडी गाळात बसली, शीड ढिलं पडून डोलकाठीला लागलं, वारा गेला. "दा... दा..." तो शब्द त्यांच्या हातातनं निसटताना मी बघितला. तो कुठं गेला ते त्यांना दिसत होतं आणि तिथवर हात पोचत नव्हता.

आम्ही तिथं अंधार पडेपर्यंत बसून राहिलो. वारा आला नाही. मग दोघं भाऊ गाळात उतरले आणि होडी ढकलत काठाला आणली.

मी बरोबर होते, एवढं मला कळलं. ते कळून करायचं काय? दुसऱ्या दिवशी तळ्याचं दार उघडलं आणि पाणी गेलं.

घरी आम्ही नाही नाही ते केलं. अंगणात झोका बांधला. तोंडावर पाण्याचे शिंतोडे मारले, तर ते रागावले. कान, जीभ, ओठ सगळं होतं, आणि 'तुझ्या' तर सोडाच, 'देवा' सुद्धा परत 'दे' वर आलं. भावजींना मुंबईत एका कंपनीत जागा मिळाली होती, पाडव्यानंतर त्यांना जाणं भाग होतं. जायच्या आधी ते फकीरभाईंशी काहीतरी बोलत बसले होते. फकीरभाई आत्यांकडं आले आणि म्हणाले, "पुतळाबाई, हसू नगा. तळं कोरडं पडलंय, पर वारं कुठं कोरडं पडलंय? गाडा हाय, ट्रॅक्टर हाय. होडी गाड्यावरच राहू द्या, शीड चढवू, अन् म्या वढतो. बुवांला काय, वारं पायजे."

आत्या हसल्या नाहीत. "चला," म्हणाल्या.

चैत्रातलं ऊन उतरल्यावर आम्ही तळ्यात गेलो. पायाखाली भेगाळलेला गाळ, मधून मधून शिंपल्या. होडी गाड्यावर, आम्ही होडीत, ज्याच्या त्याच्या जागेवर. आत्यांनी सवयीनं ट्यूब बांधायला घेतली आणि मग बाजूला ठेवली. भावजींनी शीड चढवलं. पुढं फकीरभाईंचा ट्रॅक्टर. बांधावर लोक जमले होते. कुणी शिट्टी मारली नाही. आम्ही आमच्या स्वतःच्या खालच्या पट्टीवरून, आमच्या विहिरीच्या कडेनं, शीड लावून चाललो होतो. धूळ उडत होती. गरम वारा खरोखरच शिडात भरला आणि होडी गाड्यावर करकरली.

मामंजी डोळे मिटून बसले होते. चेहऱ्यावर वारा घेत होते. मी त्यांचे गुडघे धरलेले. तळ्याच्या मध्यावर आलो असू. त्यांची मान डावीकडं कलली.

"देवा," ते म्हणाले. ट्रॅक्टरच्या आवाजात ते फक्त आम्हालाच ऐकू आलं. फकीरभाईंनी आमच्याकडं बघितलं आणि इंजिन बंद केलं.

मागं दोघं गप्प. आण घातलेली.

मी बघत होते. जीभ दातांना लागते का बघत होते. शीर वर येते का बघत होते. नाही. डोळे उघडले, ते शोधायला गेले नाहीत. ते माझ्याकडं बघत राहिले. आणि मग त्यांनी डावा हात खांद्यावरून मागं नेला आणि बोटं हलवली. कीर्तनात ते टाळकऱ्यांना करायचे तशी खूण. घ्या.

दोघा भावांनी ती बघितली आणि दोघं माझ्याकडं बघायला लागले. आत्याही माझ्याकडं बघायला लागल्या. फकीरभाई ट्रॅक्टरवर वळून बसलेले, तेही. आणखी थोडं थांबलो तर? पुढच्या वर्षी पाऊस पडला, तळं भरलं तर? भावजींना रजा मिळाली तर? तोवर हा माणूस असाच मागं हात करून बसेल का?

हात अजून तसाच होता. बोटं पुन्हा हलली.

मी मान हलवली.

"तुझ्या दारी," दोघांनी इतक्या जोरानं उचललं की बांधावरचे लोक उठून उभे राहिले. "उभा मी पाणक्या." आत्याही गात होत्या, त्यांना मी कधी मोठ्यानं गाताना ऐकलं नव्हतं. फकीरभाईंनी ट्रॅक्टरच्या पत्र्यावर ताल धरला. मामंजींनी हात पुढं घेतला, मांडीवर ठेवला आणि ठेका द्यायला लागले, एकही मात्रा न चुकवता. ओठ मिटलेले होते. ध्रुपद संपलं की त्यांची मान डावीकडं जायची, की हे दोघं परत उचलायचे. मधी फट अशी राहिलीच नाही.

बऱ्याच वेळानं थांबलो. घशात धूळ गेली होती. आत्यांनी तांब्यातलं पाणी मामंजींच्या तोंडाला लावलं. ते प्यायले, तांब्या हातानं बाजूला सारला आणि "दे," म्हणाले.

पाहिजे म्हणून की नको म्हणून, ते आत्यांनी विचारलं नाही. त्यांनी परत तांब्या पुढं केला.